टेबलावर चालणारा बोर्ड

माझं सगळं काम वडिलांच्या एका प्रश्नात मावतं. संध्याकाळी ते ओट्यावरून आत येतात, माझ्या खुर्चीमागे उभे राहतात, पडद्याकडे बघतात आणि विचारतात, "उघडला काय वं आज तुहा डोळा?"

डोळा म्हणजे पडद्यावरची एक आकृती. सर्किट बोर्डावर तांब्याच्या बारीक रेषा असतात आणि त्यांतून एक-शून्य, एक-शून्य असे सिग्नल धावतात. ते वाटेत किती बिघडतील हे बोर्ड बनवायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये बघायचं, ही माझी नोकरी. सगळे सिग्नल एकावर एक काढले की मधे डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा उरते. ती मोठी असेल तर बोर्ड चालेल. ती मिटली तर पुढच्या चिपला एक आणि शून्य यांतला फरक कळणार नाही. एवढं मी बाबांना एकदा समजावलं होतं. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केलेला माणूस, त्यांनी पाण्याच्या हिशेबानं ते लगेच समजून घेतलं आणि तेव्हापासून रोज चौकशी करतात.

त्या वर्षी डोळा रोज उघडत होता आणि माझं डोकं रोज फिरत होतं. सॉफ्टवेअर म्हणायचं बोर्ड उत्तम आहे. माझ्या टेबलावर बोर्ड उत्तम चालायचा. मिलमध्ये गेला की दुपारनंतर मान टाकायचा.

मी अमरावतीत राहते आणि अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी काम करते. आठवड्यातले दोन दिवस बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला, बाकीचे दिवस घरून. कारखाना डाळ मिलची यंत्रं बनवतो. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. भाऊंच्या मनात आलं की डाळ निवडायचं यंत्र, कलर सॉर्टर, बाहेरून आणून विकण्यापेक्षा आपणच बनवावं. वरून डाळ धबधब्यासारखी पडते, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा फोटो काढतो, काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यामुळे त्यातला बोर्ड फार वेगानं चालावा लागतो, आणि वेग आला की तांब्याची साधी रेषासुद्धा नखरे करते.

हे काम मी दहा-बारा वर्षं पुण्यात केलं होतं. आई गेली, नंतर एका हिवाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. मी नोकरी सोडून आले. बाबा पुण्याला येऊन राहायला तयार नव्हते. एकदा महिनाभर राहून बघितलं होतं त्यांनी. "तिथं फाटकातून बाहेर निघालो त कोणी 'कुठं चालले' म्हणून इचारत नाही," म्हणाले आणि परत आले. तेव्हा अमरावतीत राहून माझं काम करता येईल अशी जागा या अख्ख्या वऱ्हाडात एकच होती, भाऊंचा कारखाना. ती टिकली तर मी बाबांजवळ, नाही तर पुणे. पुण्याच्या जुन्या साहेबांचा मधूनमधून फोन यायचा, की अजून जागा आहे, कळव. फोनवर मी बोलत असले की बाबा वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबायचे.

आता वैताग सांगते. माझ्या कामात सॉफ्टवेअरला बोर्डावरच्या प्रत्येक भागाचं मॉडेल द्यावं लागतं. मॉडेल म्हणजे तो भाग कसा वागतो हे लिहिलेली फाइल: किती जोर लावतो, किती वेळात वर-खाली होतो, त्याच्या पायांत किती अडथळा आहे. ही फाइल भाग बनवणाऱ्यानं द्यायची असते. द्यायची असते, देतो असं नाही. मेमरी चिपवाल्यांच्या साइटवर मागणी केली, तर त्यांनी विचारलं की तुम्ही वर्षाला किती लाख चिप घेता. आम्ही एका खोक्यात मावतील एवढ्या घेतो. त्यानंतर त्यांचं उत्तर आलंच नाही. मग कुठून कुठून विनवण्या करून फाइल मिळवली, ती त्याच चिपच्या दुसऱ्या आकाराची निघाली. ती दुरुस्त केली तर सॉफ्टवेअर म्हणालं, अमुक ओळीत चूक. ती ओळ मी लिहिलीच नव्हती.

कनेक्टरची वेगळी तऱ्हा. मी यादीत एक लिहिला, खरेदीवाल्यांनी दिल्लीहून दुसराच मागवला. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सेम टू सेम हाय." दिसायला सेम होता. आतल्या पिना लांब होत्या. त्याचं मॉडेल जगात कुणाकडे नव्हतं, म्हणून एक कनेक्टर करवतीनं उभा कापला, मोजला आणि मॉडेल हातानं रचलं. बोर्ड बनवणाऱ्याला विचारलं, तुमच्या बोर्डाचं मटेरियल नेमकं कोणतं? तो म्हणाला, एफआर-फोर. काचेच्या धाग्यांच्या सगळ्याच पत्र्यांना हेच नाव. हे म्हणजे दुकानात जाऊन 'धान्य द्या' म्हणण्यासारखं. कोणतं, कसं, किती जाड, काही नाही. त्याला मी इतक्यांदा फोन केला की शेवटी त्यानं माझा नंबर उचलणंच सोडलं.

तरी मी सगळं गोळा केलं. मापं घेतली, फाइली शिवल्या, पुन्हा पुन्हा चालवलं. थंडी, उन्हाळा, वीज कमी, वीज जास्त, सगळं लावून बघितलं. डोळा उघडा. आणि बाळापूर रोडवरच्या मिलचे शेठ रोज भाऊंना फोन करून सांगायचे, "तुमची मशीन चांगली डाळ उडवून राहिली अन् काळी पास करून राहिली."

तक्रार आली की आमचे मामा मिलमध्ये जायचे. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने फिटर. मोटरचं वायंडिंग, यंत्र बसवणं, उतरवणं, सगळं त्यांच्याकडे. बार्शीटाकळीहून रोज येतात, सगळ्यांना त्यांचा धाक, माझ्याशी मात्र मवाळ. ते बिघडलेला बोर्ड काढायचे, तिथे दुसरा लावायचे आणि काढलेला माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. स्वच्छ, लखलखीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी तो जोडायची. चालायचा. दिवसभर चालवायची, हेअर ड्रायरनं तापवून चालवायची, चालायचा. मग माझी समजूत व्हायची की माझ्या मॉडेलांतच कुठेतरी खोट आहे, जी मला दिसत नाही. की पुन्हा ती चिप, तो कनेक्टर, तो कपॅसिटर.

भाऊ बोलायला सरळ माणूस. एकदा माझ्या टेबलापाशी उभे राहिले, चालणारा बोर्ड बघितला आणि म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. पण तुमी कॉम्प्युटरवर सिनेमा पाहून राहिल्या अन् तिकडं शेठ मले शिव्या देऊन राहिला."

"भाऊ, बोर्ड चालून राहिला ना तुमच्यासमोर," मी म्हणाले. अकोल्यात माझी भाषा आपोआप तिथली होते.

"तुमच्या टेबलावर मले डाळ निवडाची नाही."

खरंच होतं ते. मला इतका संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. भाऊ पुढे म्हणाले की त्यांनी बाहेरून तयार बोर्ड मागवलाय. अक्षय्य तृतीयेच्या आत येईल. तो मिलमध्ये चालला तर आपण आपला बोर्ड बनवायचा नाद सोडून देऊ. माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तयार बोर्ड विकत आणला की त्याचं मॉडेल करणारी बाई कशाला लागते?

त्या दिवशी घरी आले तेव्हा न्हाणीघरात सिमेंटचा वास येत होता. भिंतीत नवा स्टीलचा दांडा बसवलेला, हात धरून उठता यावं म्हणून. मी बाबांना विचारलं, हे कधी केलं? ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "केव्हाचं करून घ्याचं होतं. आता मी काही पडत नाही. तू आपलं पाह्य पुण्याचं काय हाय ते."

मी त्यांना काही बोलले नव्हते. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं होतं, मिस्त्री बोलावला होता आणि माझी जायची सोय करून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली. त्या दांड्याचा मला इतका राग आला की दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

तयार बोर्ड आला. मामांनी तो मिलमध्ये बसवला. मी घरी बसून फोनची वाट बघत होते आणि मनातल्या मनात तो बोर्ड बंद पडावा म्हणून प्रार्थना करत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, हाही तेच करून राहिला."

मला आनंद झाला. चक्क उकळ्या फुटल्या. भाऊंचं तोंड बघायला म्हणून मी पुढच्या सकाळी गाडीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात त्यांना सुनावायची वाक्यं रचत होते. मूर्तिजापूरनंतर ती बंद पडली. कारण दुसऱ्याचा बोर्ड, दुसऱ्यांच्या चिप, वेगळा कनेक्टर, वेगळं मटेरियल, आणि दोष मात्र अगदी तोच, तोही दुपारनंतर. मग माझी चिपची फाइल चुकली म्हणून तो कसा बंद पडेल? माझं मॉडेल चुकलं असतं तर माझाच बोर्ड पडला असता. म्हणजे दोष कोणत्याच बोर्डात नव्हता. बोर्ड मिलमध्ये गेल्यावर त्याला काहीतरी होत होतं. अकोला स्टेशनवर उतरले आणि कारखान्यात न जाता ऑटोवाल्याला म्हटलं, बाळापूर रोड.

मिलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कळलं की भाऊ कशात यंत्र चालवायला निघालेत. हवा पिवळी दिसत होती. तुरीच्या डाळीची भुकटी पापण्यांवर, ओठांवर, दाताखाली. मामा आधीच तिथे होते, डोक्याला दुपट्टा बांधून. मला बघून चपापले. "तुमी इथं काहून आल्या ताई? सांगतलं असतं त बोर्ड मीच आणला असता."

"मले डब्बा उघडून दाखवा मामा."

त्यांनी यंत्राच्या पोटातला डबा उघडला. आतला बोर्ड चकाकत होता. तयार बोर्ड, ज्याचा फोटो मी भाऊंच्या मोबाइलवर हिरवा, कोरडा बघितला होता, तो तांबूस झाला होता. चिपच्या पायांपाशी थेंब साचून सुकले होते. नख लावलं तर मऊसर जाड थर लागला.

"हे काय हाय?"

"वार्निश. मोटरचं."

"कोणी मारलं?"

"मीच. पहिल्यापासून मीच मारतो." त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमान होता. "पाहून राहिल्या ना धूळ? उघडं काहीच टिकत नाही इथं. मोटर असो का बोर्ड, कारखान्यातून निघाच्या आधी आमच्या खात्यातून वार्निश होऊनच जाते."

आमच्या खात्यातून. टेस्टिंग झाल्यावर, गाडीत चढवायच्या आधी. मोटरच्या खात्याचं सामान, म्हणून बोर्डाच्या यादीत ते कुठेच नाही. सिग्नल उघड्या हवेखालच्या रेषेतून जसा जातो तसा त्या थराखालून जात नाही, मंदावतो, शेजारच्या रेषेत जास्त झिरपतो. थोडा थर असता तर खपलाही असता. इतका जाड, वर डब्यातली दुपारची गरमी, मग कुठला डोळा उघडा राहतो.

"पण मामा, परत आलेल्या बोर्डावर तर मले कधीच दिसलं नाही."

"दिसन कसं? थिनरनं धुतो ना मी." मामांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "भुकटी चिपकेल, मळेल बोर्ड तुमच्या टेबलावर कसा ठिऊ? तुमी हात लावता त्याले."

मी एका पोत्यावर बसले. थिनरचा वास त्या वर्तमानपत्रांना नेहमीच यायचा आणि मला वाटायचं, कारखाना आहे, यायचाच. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काहीतरी वाईट वाटलंय एवढं त्यांना समजलं असावं, म्हणून समजूत घातल्यासारखं म्हणाले, "अन् तुमच्या बोर्डाले त मी दोन हात जास्तच मारतो ताई. पुण्याची नोकरी सोडून आल्या तुमी बापासाठी. म्हटलं आपल्याकून काही कमी नोको पडाले."

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. वर्षभराचा संताप होता, तो कुणाच्या तरी अंगावर टाकायचा होता, आणि समोर हा माणूस. मी ओढणीनं डोळे पुसले आणि डाळीची भुकटी गेली म्हणून सांगितलं.

भाऊंना सांगितल्यावर त्यांनी लगेच निकाल लावला, वार्निश बंद. मामा म्हणाले, "करा बंद. महिन्यात भुकटी अन् ओल धरून चिपच्या पायाइत धूर निघन, मंग मले नका सांगू." मामांचं बरोबर होतं. त्या हवेत उघडा बोर्ड जगला नसता. मी म्हणाले, "भाऊ, वार्निश राहू द्या. बाहेरचा बोर्ड ज्यानं बनवला तो आपल्यासाठी रेषा बदलून देणार नाही. मी देते." भाऊ एवढंच म्हणाले, "मंग लागा."

आता वार्निशचं मॉडेल. जगात कुणी मोटरच्या वार्निशचं मॉडेल केलं असेल असं मला वाटत नाही. डब्यावर 'लवकर सुकते' एवढीच माहिती होती. कंपनीला फोन लावला, तर समोरच्या माणसानं विचारलं, तुम्हाला चमक हवी की मॅट? मी फोन ठेवला. बोर्डाच्या पट्ट्या कापल्या, मामांना म्हटलं, एकीवर एक हात मारा, दुसरीवर दोन, तिसरीवर तुम्ही माझ्या बोर्डाला मारता तसे. त्यांनी पट्ट्या इतक्या मन लावून रंगवल्या की मला त्यांना सांगावं लागलं, मामा, नेहमीसारखं मारा, चांगलं नका मारू. हे त्यांना पटायला वेळ लागला. पट्ट्या मोजून मी सॉफ्टवेअरमध्ये तांबं, काच, तांबं यांच्या थरांवर एक नवा थर चढवला. त्याला नाव द्यावं लागतं. मी 'मामा' दिलं.

तो थर घालून जुना बोर्ड चालवला, तर पडद्यावरचा डोळा आक्रसला आणि गरमी वाढवली तसा मिटला. मिलमधल्यासारखा, दुपारनंतरसारखा. मी खुर्चीत टाळ्या वाजवल्या. बाबा ओट्यावरून आत आले.

"उघडला काय?"

"मिटला, बाबा! शेवटी मिटला!"

"मिटला त हासून काहून राहिली?"

त्यांना समजावण्याइतका धीर माझ्यात नव्हता. रेषा बारीक केल्या, त्यांच्यातलं अंतर वाढवलं, काही रेषा आतल्या थरात नेल्या, डोळा वार्निशखालीही उघडा राहील इतकं. नवा बोर्ड आला. मामांनी माझ्यासमोर दोन हात मारले, तिसऱ्यासाठी ब्रश उचलला आणि माझ्याकडे बघून खाली ठेवला. तो बोर्ड बाळापूर रोडवर अजून चालतो आहे. पुण्याला मी 'येत नाही' म्हणून कळवलं. साहेबांना वाईट वाटलं, पण ते त्यांचं.

मध्यंतरी भर दुपारी फोन वाजला. मी मिटिंगमध्ये होते, उचलायला जरा उशीर झाला. बाबांचं पान उलटणं थांबलं.

"ताई," मामा होते. "या खेपेले वार्निशचा डब्बा दुसऱ्या कंपनीचा आला. आधीपेक्षा जरा घट्ट हाय. चालन काय?"

"नाही चालणार!" मी किंचाळलेच. "हात लावू नका बोर्डाले! मी येते, मोजते, मग मारा!" माझं रक्त उसळलं होतं. पुन्हा पट्ट्या, पुन्हा मोजणी, पुन्हा आठवडा पाण्यात. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एवढ्या वर्षांत, पुण्यात की इथे, भाग बदलायच्या आधी मला कुणी फोन करून विचारलंय असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"पुण्याचा होता काय?" बाबांनी विचारलं.

"नाही. अकोल्याचा."

त्यांनी पान उलटलं. थोड्या वेळानं आंघोळीला गेले आणि येताना ओला टॉवेल त्या स्टीलच्या दांड्यावर वाळत घालून आले. आता तो रोज तिथेच वाळतो. न्हाणीघरात वाळत नाही नीट, कुबट वास येतो, त्यावरून आमची रोज भांडणं होतात.